अर्ध्या दाराची उंची

सोमवार, ३

डॉक्टरीणबाईंनी वही घालायला सांगितली म्हणून ही वही. रोज दूध किती गेलं, किती वेळा ओकला आणि झोपेत मिनिटाला किती श्वास घेतो, एवढंच लिहायचं आहे. पण पान मोठं आहे. शिवाय संध्याकाळपर्यंत आम्हा दोघांतही बोलायचं त्राण उरत नाही, त्यामुळे उरलेलं इथेच लिहावं म्हणतो.

आजचं: वजन तीन किलो नऊशे. दूध दर वेळी सत्तर मिली. श्वास पन्नास.

बटण अकरा आठवड्यांचा झाला. नाव चांगलं ठेवलेलं आहे, पण थोरलीने पहिल्याच दिवशी त्याचं नाक पाहून बटण म्हटलं आणि तेच चिकटलं. तिसऱ्या दिवशी डाउन सिंड्रोम कळला, दहाव्या दिवशी हृदयातलं भोक. हे दोन्ही पचवून झालं आहे असं मी धरून चाललो होतो. आज तिसरं. बाई म्हणाल्या, थंडी पडायला लागली, आता आरएसव्ही नावाचा विषाणू फिरेल. मोठ्यांना त्याची साधी सर्दी होते आणि चार दिवसांत जाते. तान्ह्या बाळांना जड जातो. डाउनच्या बाळांना त्याहून जड, कारण श्वासाच्या नळ्या अरुंद, स्नायू ढिले, कफ खोकून टाकायची ताकद कमी, आणि आजाराशी झुंजायची अंगातली शक्तीही लेचीपेची. "हृदय ठणठणीत असतं तरी मी हेच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "आणि याचं तर ऑपरेशन व्हायचंय." पाच किलो भरला की ऑपरेशन. त्याआधी हे छातीत उतरलं तर ऑपरेशन लांबेल, किंवा. किंवाच्या पुढे त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

यावर एक इंजेक्शन असतं, ते मागवलं आहे. तीन आठवडे लागतील. तोवर सर्दीवाल्या माणसाला जवळ येऊ द्यायचं नाही आणि हात धुवायचे.

"जवळ म्हणजे किती?" मी विचारलं. मापाशिवाय मला काही कळत नाही.

"दोन मीटर धरा."

म्हणजे साडेसहा फूट. लिहून ठेवलं.

मंगळवार, ४

सगळा प्रश्न थोरलीचा आहे. सहा वर्षांची, पहिलीत. वर्गात बत्तीस मुलं म्हणजे बत्तीस वाहती नाकं. तिला घराबाहेर काढता येत नाही आणि बटणच्या खोलीचं दार दिवसभर बंद ठेवलं तर ती दाराला कान लावून बसते आणि रडते. तेव्हा मी अर्धं दार करायचं ठरवलं. खालून बंद, वरून मोकळं. वरून बघता येईल, आत जाता येणार नाही. पाळणा समोरच्या भिंतीला, मधे सात फूट. बरोबर बसतं.

तिला भिंतीला उभं करून हनुवटीपर्यंतचं माप घेतलं. साडेसदतीस इंच. श्वास रोखून उभी होती.

"बाबा, कपाट करतोयस का?"

"दार."

"माझ्यासाठी?"

हो म्हणालो. खोटं नव्हतं.

वर्कशॉपमध्ये पॉलिशवाले काका दिवसभर खोकत होते. आमच्या धंद्यात सर्दी-खोकला नसतोच. शिंकलं तर भुसा, खोकलं तर पॉलिश. वीस वर्षं मी रोज सकाळी सात-आठ वेळा शिंकतो आणि करवत बंद झाली की थांबतो. यासाठी कुणी सुतार डॉक्टरकडे गेलेला मी पाहिला नाही.

दूध सत्तर. श्वास एकोणपन्नास.

बुधवार, ५

दार बसवलं. दोन बिजागऱ्या, आतून कडी. वरच्या कडेला पॉलिशकागदाने तीनदा घासलं, वर पॉलिशचा हात दिला, तिच्या हनुवटीला कुसळ लागायला नको. शाळेतून आल्यावर ती दाराला चिकटली. हनुवटी अशी बसली की सूतभर इकडेतिकडे नाही. "बटण, मी इथे आहे," म्हणाली. त्याने मान वळवली की नाही ते सांगता येत नाही, पण थोरली म्हणते वळवली.

मग दाराचे नियम सांगितले. बाहेरून आलं की कपडे बदलायचे, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, सर्दी असेल त्याने दाराच्या बाहेर. कुणालाही सूट नाही.

"तुलापण?" थोरलीने विचारलं.

"मलापण."

शनिवार, ८

हिची, म्हणजे बायकोची, बहीण आली होती. कपडे, डबा, बटणसाठी टोपी असं सगळं घेऊन दोन बस बदलून. जिना चढून आल्यावर तिने रुमालाने नाक पुसलं. मी उंबऱ्यातच थांबवलं. ती म्हणाली, "अहो भावोजी, वारा लागला फक्त. गार आहे बाहेर." मी म्हणालो, असेल, पण परवा या. डबा उंबऱ्यातून घेतला. ती जिना उतरली आणि ही स्वयंपाकघरात गेली ती अजून माझ्याशी बोललेली नाही. दहा दिवसांत तिला अडीच तास सलग झोप मिळालेली नाही, बहीण आली असती तर मिळाली असती. हे मला कळतं. पण नियम म्हणजे नियम. मी वाईट झालो तर झालो.

दूध पंचाहत्तर! वजन उद्या करतो.

सोमवार, १०

चार किलो. पहिल्यांदा चार. हिने वजनकाट्यावरून त्याला उचललं तेव्हा हसली. अबोला संपला.

काका दोन दिवस घरी होते, आज आले. आवाज बसलेला. त्यांची नातवंडं गेला आठवडाभर तापाने पडली होती म्हणे. शाळेची बाकं द्यायची आहेत, त्यामुळे त्यांनी धरायचं आणि मी ठोकायचं असं जेवणापर्यंत चाललं. आम्ही खिळे तोंडात धरतो, दोन्ही हात मोकळे राहतात. माझे संपले की काका त्यांच्या ओठांतले चार काढून देतात. ही पद्धत त्यांनीच शिकवली मला, मी नवखा होतो तेव्हा. चव लोखंडाची लागते, सवय होते.

घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुतले. कपडे बदलले.

बुधवार, १२

करवतीची मोटर जळाली. मेस्त्री म्हणतो सोमवारपर्यंत होईल. म्हणजे पाच दिवस सुट्टी. दोन महिन्यांत पहिल्यांदा दिवसाउजेडी घरात आहे. हिला म्हटलं, तू झोप, मी बघतो त्याला.

ती दुपारी जेवून जी झोपली ती दिवे लागेपर्यंत. उठली तेव्हा गालावर उशीची शिवण उमटली होती.

गुरुवार, १३

वर्कशॉप बंद, तरी सकाळपासून शिंका. नाकात किती भुसा साठून बसतो बघा! ही म्हणाली, "सर्दी झाली का तुम्हाला?" मी म्हणालो, भुसा आहे, निघतोय आता. ती म्हणाली, "बरं, मी पडते तासभर," आणि पडली.

बटणला दूध पाजल्यावर अर्धा तास उभा धरायचा असतो. तो छातीवर असा सैल पडतो, त्याची सगळी हाडं आपल्यालाच सांभाळायची असतात. नाक माझ्या मानेत खुपसलेलं होतं. दर श्वास मानेवर लागत होता, त्यामुळे मोजणं सोपं गेलं. एकावन्न. अर्ध्या तासाऐवजी दोन तास धरला. थोरली झाली तेव्हा मी दिवसाला बारा तास काम करत होतो, तिला असं कधी धरलं नव्हतं. हे दोन तास मला फार बरे वाटले. म्हणून लिहून ठेवतो.

शुक्रवार, १४

घसा धरल्यासारखा. अंग आंबलंय. झोप नाही, दुसरं काय होणार.

थोरली दाराशी उभी राहून बडबडत होती. वर्गातली दोन मुलं आली नाहीत. मी लगेच तिचं नाक बघितलं, कोरडं ठणठणीत. तिला वेगळा रुमाल दिला. तेवढ्यात मला शिंक आली.

"बाबा, तू शिंकलास."

"भुसा आहे तो."

"पण करवत बंद आहे ना?"

या पोरीला प्रश्न फार. मी म्हटलं, भुसा नाकात राहतो, आठ-आठ दिवस राहतो. तिने मान डोलावली, पण भुवया वरच होत्या.

बटण दिवसभर माझ्याकडेच. ही आज दोन वेळा झोपली. दूध सत्तर.

रविवार, १६

आज हात उचलायचा तेवढा राहिला.

मी अंघोळ करून आलो तर ही बटणला घेऊन अर्ध्या दाराला टेकून उभी आणि थोरलीचा हात दारावरून आत. तिचं बोट बटणच्या मुठीत. करंगळीशेजारचं, डाव्या हाताचं. दोघी हसत होत्या. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहायची लाज वाटते, पण वहीत खोटं लिहून काय उपयोग. म्हणालो, "मारायचंय का त्याला? तुझ्या शाळेतलं लागलं तर मरेल तो, कळतं का?"

तिने बोट ओढून घेतलं. रडलीसुद्धा नाही. हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

ही म्हणाली, "हात धुवून आली होती ती. मीच म्हटलं लाव बोट." मी म्हणालो, मग तुलाही अक्कल नाही. हे दार मी कशासाठी केलं? बोलताना खोकला आला आणि पुढचं राहून गेलं. तिने बटणला पाळण्यात ठेवलं.

मंगळवार, १८

दूध पन्नास. दुपारी चाळीस. नाक चोंदलंय. मिठाच्या पाण्याचे थेंब घातले.

झालं. ज्याची भीती होती ते झालं.

बुधवार, १९

सकाळी दूध पंचवीस आणि तेही ओकला. श्वास अडुसष्ट. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. बाईंनी सदरा वर करून छाती पाहिली आणि फोन उचलला. अकरा वाजता आम्ही हॉस्पिटलात. नाकातून काडी घालून नमुना घेतला, दुपारी निकाल. आरएसव्हीच.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला सर्दी?"

मी म्हणालो, कुणालाच नाही. मुलगी शाळेत जाते, रविवारी तिने हात लावला होता.

ते म्हणाले, लागण झाल्यावर चार-सहा दिवसांनी दिसतं साधारण. रविवार ते मंगळवार दोनच दिवस होतात. पण साधारण म्हणजे काही पक्कं माप नव्हे.

थोरलीला मावशीकडे पोचवलं. जिन्यात ती एकदाच बोलली, "माझ्या बोटामुळे का?" मला उशीर होत होता. म्हटलं, आता ते बोलून काय उपयोग, शहाण्यासारखी राहा.

मावशीने दार उघडलं आणि पिशवी घेतली. मला उंबऱ्यात थांबवलं नाही.

गुरुवार, २०

नाकात ऑक्सिजनची नळी, तोंडातून पोटात दुधाची नळी, पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा चिमटा. एका वेळी एकाच माणसाने बसायचं, तोंडाला मास्क लावून. दिवसा मी, रात्री ही. वॉर्डच्या दाराशी आमची गाठ पडते, ती म्हणते ब्याण्णव, मी म्हणतो बरं. एवढाच संसार.

सिस्टर दर तीन तासांनी त्याच्या नाकातला कफ ओढून काढतात. त्याला पुरतं रडताही येत नाही, आवाज निघत नाही. नुसतं तोंड उघडतं.

शुक्रवार, २१

मावशीचा फोन. थोरली जेवत नाही नीट. आणि डाव्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळून बसली आहे, काढू देत नाही, अंघोळीलाही नाही. लागलंय का विचारलं तर नाही म्हणते. मी म्हटलं, नखरे आहेत, मावशीकडे लाड होतात म्हणून. लक्ष देऊ नका.

इथे माझ्या डोक्याला काय कमी आहे.

शनिवार, २२

आज फार वाईट दिवस. श्वास ब्याऐंशी, मग मधेच थांबायला लागला. पाच सेकंद, सात सेकंद. यंत्र किंचाळायचं आणि सिस्टर येऊन त्याच्या तळपायावर टिचकी मारायच्या की पुन्हा सुरू. मोठ्या दाबाने हवा देणारं यंत्र लावलं. डॉक्टर म्हणाले, "आजचा-उद्याचा दिवस कठीण. दमला तर घशात नळी घालून श्वास मशीनवर घ्यावा लागेल. याच्या हृदयाला ते सोपं नाही." मी विचारलं, दमला म्हणजे किती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माप सांगितलं नाही.

मी आयुष्यात लाकडाशिवाय कशाला विनवलेलं नाही. आज त्या चिमट्याच्या लाल दिव्याला विनवत बसलो.

रविवार, २३

तसाच. शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी, पंच्याऐंशी. हे श्वास नाहीत, चिमट्याचे आकडे आहेत. काल श्वास आणि ऑक्सिजन यांत माझा घोळ झाला होता, सिस्टरनी समजावलं. हे वर जायला हवेत, ते खाली यायला हवेत.

सोमवार, २४

मशीनवर घ्यावं लागलं नाही. सकाळी श्वास चौसष्ट, चिमट्यावर त्र्याण्णव. डॉक्टर म्हणाले, उतार लागला असं म्हणायला हरकत नाही. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो.

तिथे एक शिकाऊ डॉक्टरीण फॉर्म घेऊन आली. अशा बाळांची नोंद ठेवतात म्हणे. पहिलं लक्षण कधी दिसलं, त्याआधी दहा दिवसांत घरात कुणाला नाक, घसा, खोकला. मी म्हटलं, थांबा, सगळं लिहिलेलं आहे, माझ्याकडे वही आहे. ऐटीत म्हणालो. आणि पानं मागे उलटून वाचून दाखवायला लागलो.

सोळा तारीख. चौदा. तेरा.

तेरा तारखेचं मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि "तरी सकाळपासून" इथे थांबलो. ती पेन धरून थांबली होती. तिने विचारलं, "सर, पुढे?"

मी म्हणालो, मला. मला सर्दी होती. गुरुवारी तेरा तारखेपासून. लिहा.

गुरुवार तेरा ते मंगळवार अठरा, पाच दिवस. चार ते सहाच्या बरोबर मधे. मी सूतभर फरक ओळखणारा माणूस आहे.

मंगळवार, २५

वॉर्डच्या दाराशी हिला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. विचारलं नव्हतं का मी तुम्हाला?"

"मग बोलली का नाहीस?"

ती भिंतीला टेकली. डोळ्यांखाली काळं, केस तीन दिवस विंचरलेले नाहीत. म्हणाली, "तुम्ही भुसा म्हणालात आणि मी मानून घेतलं. नाही मानलं असतं तर तुम्हाला दाराबाहेर काढावं लागलं असतं, आणि मग त्याला घेऊन मलाच बसावं लागलं असतं. मला झोपायचं होतं हो. एवढंच. मला फक्त झोपायचं होतं."

दोन महिने आम्ही आपापल्या जागी रडलो असू, आज एका जागी रडलो. जाणारे-येणारे बघत होते. मग ती म्हणाली, "आणि पोरगी?"

बुधवार, २६

दवाखान्यातून फोन आला, इंजेक्शन आलंय. तीन आठवडे म्हणाले होते, तेवीस दिवस झाले. त्यांना बोल लावायला जागा नाही. बाई म्हणाल्या, आता बरा होऊ दे, मग ठरवू. ऑपरेशन दीड-दोन महिने तरी पुढे.

वर्कशॉपमधून काका येऊन गेले, खालीच थांबले. त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनीही आयुष्यभर खोकल्याला पॉलिशच म्हटलं आहे, त्यांचं काय चुकलं. जाताना म्हणाले, "तू ये सावकाश, बाकं मी बघतो."

गुरुवार, २७

बाटलीने वीस मिली गेलं. स्वतः ओढलं. नाकातल्या नळीचा ऑक्सिजन कमी केला.

शुक्रवार, २८

मावशीकडे गेलो. वाटेत तीन वेळा वाक्य जुळवलं आणि तीन वेळा मोडलं. आधी मावशीची माफी मागितली, त्या डब्याच्या दिवसाची. ती म्हणाली, "भावोजी, ते राहू द्या, आत जा."

थोरली पलंगाच्या टोकाला बसली होती. मी जवळ गेलो तशी मागे सरकली. डावा हात पाठीमागे.

"बघू तुझं बोट."

"नको. ते ते बोट आहे."

"पट्टी कुणी बांधली?"

"मीच. त्यातलं बाहेर यायला नको म्हणून."

नऊ दिवस. मी म्हणालो, "त्यात काही नव्हतंच गं. बटणला माझ्यामुळे झालं. मी शिंकत होतो, आठवतं?"

"तू म्हणालास भुसा आहे."

"चुकलो."

"करवत बंद होती."

"हो. तू म्हणाली होतीस."

"मग मला ओरडलास ते?"

"तेही चुकलो. फार चुकलो. तुझ्या बोटाने त्याला काहीच झालं नाही. त्याने ते घट्ट धरून ठेवलं होतं तेव्हा."

तिने हात पुढे केला. मी कोमट पाण्यात धरून पट्टी हळूहळू सोडवली. आत बोट पांढरंफटक, सुरकुतलेलं, म्हाताऱ्या माणसाच्या बोटासारखं. तिने ते वाकवून बघितलं, सरळ करून बघितलं. मग म्हणाली, "मग मला मावशीकडे ठेवलं, तसं तुला कुणाकडे ठेवायचं?"

ती मला टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. दारात उभी असलेली मावशी एकदम हसली आणि मग पदराने डोळे पुसायला लागली.

मंगळवार, २

घरी आलो. चौघं. ऑक्सिजन नाही. वजन तीन किलो आठशे वीस, म्हणजे महिनाभर मागे.

बुधवार, ३

आज कामावर गेलो. सुट्टी आणखी ताणता येत नव्हती. नवी मोटर लागली आहे, करवत छान चालते. खिळ्यांसाठी कमरेला पिशवी शिवून घेतली, आता तोंडात धरत नाही. काका हसले आधी, मग म्हणाले, माझ्यासाठीही एक आण.

संध्याकाळी घरी आलो. कपडे बदलले, कोपरापर्यंत हात धुतले. खोलीत ही बटणला मांडीवर घेऊन बसली होती आणि थोरली तिच्या शेजारी. आता नाक कोरडं आणि हात धुतलेले असले की तिला आत परवानगी आहे. बटणच्या मुठीत तेच बोट. मी खोलीच्या दाराशी पोचलो आणि शिंकलो. एक, लगेच दुसरी.

थोरलीने बोट सोडवून घेतलं, उठली, अर्धं दार लावलं आणि आतून कडी घातली. तिला राग आलेला नव्हता. मी सांगितलेलं ती करत होती.

भुसा आहे, हे माझ्या तोंडात आलं होतं. आज तो खरोखर भुसा होता, दिवसभर करवतीपाशी होतो. हिने वर बघितलं, माझ्याकडे, मग थोरलीकडे. मी ते गिळलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"शिंका थांबेपर्यंत," थोरली म्हणाली. "तू तिथूनच बघ."

उभं राहिलं तर ते दार माझ्या पोटाशी येतं, कडेला टेकायलाही जमत नाही. मी त्या उंचीला केलेलंच नव्हतं. मग गुडघ्यांवर बसलो. हनुवटी वरच्या कडेवर बरोबर बसली. लाकूड गुळगुळीत होतं, पण मधोमध एका जागी पॉलिश उतरलेलं होतं.

"बटण, मी इथे आहे," मी म्हणालो.

दूध साठ मिली. श्वास बावन्न, इथून मोजले.